नाइटिंगेल आणि नळाची वेळ

चार लोकांपेक्षा जरा बरं इंग्रजी येणं हा आमच्या कॉलनीत एक सार्वजनिक हुद्दा आहे. त्याला पगार नाही, पेन्शन नाही आणि राजीनामाही देता येत नाही. पूर्वी कुणाकडे तार आली की ती आधी माझ्याकडे यायची. कुणीतरी गेलं आहे हे तारवाल्याच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलेलं असायचं. कोण गेलं, तेवढं मी सांगायचं. २०१३ साली सरकारनं तारच बंद केली, तेव्हा वाटलं, सुटलो. पण कसलं काय! आता औषधांच्या खोक्यातले घडीचे कागद येतात, विम्याचे फॉर्म येतात, नातवंडांच्या शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या येतात. बत्तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवल्याची शिक्षा माणूस निवृत्तीनंतर भोगतो, ती अशी.

तर गेल्या चैत्रात महिला मंडळाच्या तिघीजणी सकाळी सकाळी घरी आल्या. तळमजल्यावरच्या काकूंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला होता. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मानपत्रात ‘गानकोकिळा’ ही पदवी.

“खाली इंग्रजीतही हवं, सर,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या. “काकूंची लेक-जावई अमेरिकेहून येतायत. नातवंडांना मराठी वाचता येत नाही. ‘नाइटिंगेल ऑफ अवर कॉलनी’ असं आम्ही ठरवलंय. तुम्ही फक्त स्पेलिंग बघा आणि त्या दिवशी त्या शब्दावर पाच मिनिटं बोला.”

इथं काकूंच्या गाण्याबद्दल सांगायला हवं. काकूंनी जन्मात एक मैफल केलेली नाही. त्या गायच्या रात्री दोन वाजता. आमच्या कॉलनीत कित्येक वर्षं नळाला पाणी यायचं तेच मुळी रात्री दोनला, आणि तेही जेमतेम सव्वा तास. काकू पिंपं भरायला उठायच्या, नळ पूर्ण सोडायच्या आणि पाण्याच्या आवाजाखाली गायला लागायच्या. माहेरी सहा वर्षं शिकल्या होत्या. सासरी सासऱ्यांना बायकांचं गाणं खपत नसे. आरती तेवढी चाले, तीही बेताच्या आवाजात. तेव्हा नळ हाच तंबोरा. आमच्या घरी पाण्यासाठी गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही. खालून मालकंस सुरू झाला की ही मला ढोसायची, “उठा, पाणी आलं.”

मी नुसतं स्पेलिंग बघून मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं. पण शब्दकोश उघडला आणि आठ दिवस घरातलं दळण तसंच राहिलं.

तसं या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. आम्हाला शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात नाइटिंगेलवर एक कविता होती. मास्तर म्हणाले, “नाइटिंगेल म्हणजे बुलबुल. लिहून घ्या.” आम्ही लिहून घेतलं. तेवढ्यात खिडकीबाहेरच्या तारेवर लालबुड्या बुलबुलांची जोडी येऊन बसली. मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, “सर, नाइटिंगेल!” अख्खा वर्ग खिडकीशी. बुलबुलांनी शेपटीखालची लाली दाखवली, तारेवर बसलेले पक्षी खाली जे टाकतात ते टाकलं आणि उडून गेले. मास्तर वरमले नाहीत. “हा नव्हे,” ते म्हणाले, “हा देशी. पुस्तकातला विलायती.” पुढे मी स्वतः बत्तीस वर्षं वर्गात तेच सांगितलं. नाइटिंगेल म्हणजे बुलबुल, पण हा नव्हे. मग कोणता, हे विचारायचं कुठल्याच पोराला सुचलं नाही, आणि माझी अब्रू राहिली.

शब्द वरवर अगदी सोपा आहे. निम्मा पहिलीतल्या पोरालाही येतो, नाइट म्हणजे रात्र. उरलेल्या ‘गेल’चा अर्थ मी बरीच वर्षं वादळ असा धरून चाललो होतो, कारण इंग्रजीत गेल म्हणजे सोसाट्याचा वारा. रात्रीचं वादळ! वीतभर पाखराला केवढं नाव, असं वाटून इंग्रजांच्या प्रतिभेबद्दल आदरही वाटायचा. तो आदर फुकट गेला. त्या वाऱ्याचा इथं काडीचा संबंध नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘गालन’ म्हणजे गाणे, त्यातला हा गेल. जुनं नाव ‘निहतेगाले’, रात्री गाणारं पाखरू, बस्स. जर्मन लोक अजून त्याला ‘नाखटिगाल’ म्हणतात. इंग्रजांनी ते क्रियापद पुढे टाकून दिलं, पण ओरडण्याला ते ‘येल’ म्हणतात, तो शब्द त्याच कुळातला. गाणं गेलं आणि आरडाओरडा तेवढा शिल्लक राहिला. घराण्यांचं असंच होतं.

निहतेगालेमध्ये ‘न’चा तो मधला अनुनासिक तुकडा नव्हता, हेही ध्यानात घ्या. तो मध्ययुगात कुठूनसा घुसला. निरोप्याला म्हणतात तो मेसेंजर आणि उतारूला म्हणतात तो पॅसेंजर, या दोघांच्या पोटातही तो असाच विनातिकीट बसलेला आहे. आपल्याकडे १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम झाले आणि पांच-कांच-नांव यांच्या डोक्यावरचे बिचारे अनुस्वार एका रात्रीत बेकार झाले. ते तिकडे नोकरीला गेले असते तर समजण्यासारखं होतं, पण सनावळी जुळत नाही.

बरं, रात्री गाणारं म्हटलं, तरी गाणारा की गाणारी? जुन्या इंग्रजीत हा शब्द व्याकरणानं स्त्रीलिंगी होता खरा. पण व्याकरणाचं लिंग कोणी मनावर घ्यावं? आपल्याकडे मिशी स्त्रीलिंगी आणि पदर पुल्लिंगी.

ग्रीकांनी मात्र ते फार मनावर घेतलं. त्यांच्याकडे या पक्ष्याचं नाव ‘एडॉन’. त्यात रात्रही नाही, पाखरूही नाही. शब्दाचा अर्थ नुसता ‘गाणारी’. आणि ती का गाते याची त्यांनी जी गोष्ट रचली ती इतकी भयंकर आहे की शाळेत मला कुणी सांगितली नाही ते ठीकच झालं.

थ्रेसचा राजा टेरेयस. त्याची राणी प्रोक्नी, अथेन्सची राजकन्या. तिला धाकट्या बहिणीला भेटावंसं वाटू लागलं, म्हणून राजा स्वतः मेव्हणीला आणायला गेला. फिलोमेला तिचं नाव. तिला आणलं ते राणीकडे नव्हे, रानातल्या एका घरात, आणि तिच्यावर बळजबरी केली. तिनं कुठं वाच्यता करू नये म्हणून तिची जीभ छाटली आणि कोंडून ठेवलं. राणीला सांगितलं, तुझी बहीण वारली. फिलोमेलानं माग मांडला. जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते कापडात विणलं आणि ते कापड बहिणीकडे पोचतं केलं. राणीनं ते वाचलं, आणि सूड म्हणून पोटचा मुलगा मारून राजाच्या ताटात वाढला. राजा दोघींच्या मागे धावला तेव्हा देवांनी तिघांचेही पक्षी करून टाकले. ग्रीकांच्या म्हणण्याप्रमाणे नाइटिंगेल झाली ती राणी. मुलाच्या नावानं ती रात्र रात्र आक्रोश करते. जीभ छाटलेली बहीण भिंगरी झाली, कारण भिंगरीला म्हणे धड गाता येत नाही, नुसती चिवचिव करते. हिशेब चोख आहे. पण पुढे रोमन कवींनी अदलाबदल केली आणि जीभ नसलेल्या फिलोमेलालाच नाइटिंगेल करून टाकलं.

इंग्रज कवींनी रोमनांचीच वही उतरवली. तिकडे जुन्या काव्यात फिलोमेल म्हटलं की नाइटिंगेल समजायचं. शिवाय तिच्या उराशी एक काटाही दिला. छाती काट्यावर टेकवून ती गाते, म्हणजे झोप लागत नाही आणि दुःख ताजं राहतं! काव्यात पक्षी असायचा तो दुःखी, एकटा आणि बाई. शेक्सपिअरच्या ज्यूलिएटलाही रात्री डाळिंबाच्या झाडावर गाते ती ‘ती’च वाटते. रोमिओ म्हणतो हा चंडोल, म्हणजे उजाडलं, निघायला हवं. ज्यूलिएट म्हणते छे, नाइटिंगेल, म्हणजे रात्र आहे, थांब. दोन पक्ष्यांच्या नावांवर एका नवऱ्याचा जीव टांगलेला. त्यातला चंडोल खरा ठरतो.

या रडारडीला पहिल्यांदा ठणकावलं ते कोलरिजनं. १७९८ साली त्यानं नाइटिंगेलवर एक मोठी कविता लिहून बजावलं की निसर्गात उदास असं काही नसतं. प्रेमात आपटलेल्या कुणा माणसानं आपलं रडगाणं पाखरावर लादलं आणि बाकीच्या कवींनी बाहेर जाऊन ऐकण्याऐवजी त्याची री ओढली. आपण स्वतः ऐकलेला पक्षी आनंदी आहे, आणि तो ‘तो’ आहे. पण वाईट सवयी एका कवितेनं जात नाहीत. जॉन क्लेअर तर शेतमजुराच्या घरातला, नाइटिंगेलचं घरटं जवळून पाहून त्यातली वाळकी पानं वर्णन करणारा. तोही गाणाऱ्या पक्ष्याला ‘ती’च म्हणतो.

वस्तुस्थिती कोलरिजच्या बाजूची आहे. गातो तो नर. आफ्रिकेच्या पश्चिमेकडून हिवाळा काढून एप्रिलच्या मध्यावर इंग्लंडात येतो, माद्या येण्याआधी झुडपात जागा धरतो आणि गाऊ लागतो. दिसायला अगदी सामान्य, चिमणीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, शेपटी जरा तांबूस. पण एकेकाच्या संग्रही दीडशे-दोनशे निरनिराळ्या चिजा. दिवसाही गातो, पण मध्यरात्री तारस्वरात गातो तो बहुतेक बिनलग्नाचा. रात्रीच्या वेळी वरून उडत चाललेल्या माद्यांना खाली इथं एक स्थळ आहे हे कळवायचं असतं. जोडी जमली की रात्रीचं गाणं थांबतं. (हे वाक्य मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “त्यात काय नवीन?”)

हे कळल्यावर मला कवींच्या चरित्रांतही उजेड दिसू लागला. कीट्सनं ती जगप्रसिद्ध कविता लिहिली १८१९ च्या वसंतात, हॅम्पस्टेडला, मित्राच्या बागेत, एका झाडाखाली खुर्ची टाकून. वय तेवीस. लग्न नाही. आणि ज्या मुलीवर त्याचं मन बसलं होतं ती त्याच एप्रिलात शेजारच्या बिऱ्हाडात राहायला आलेली. आता झुडपातल्या त्या गृहस्थाची आणि या गृहस्थाची परिस्थिती यात फरक काय? अँडरसनचं तर विचारूच नका. येनी लिंड ही स्वीडनची गायिका. तिच्यावर त्यानं जीव टाकला, तिनं त्याला भाऊ मानलं, आणि १८४३ साली त्यानं नाइटिंगेलची गोष्ट लिहिली. पुढे जगानं लिंडबाईंना ‘स्वीडिश नाइटिंगेल’ अशी पदवी दिली, अमेरिकेत १८५० साली एका सर्कसछाप मॅनेजरनं त्या नावावर गल्ले भरले. माझ्या मते खरा नाइटिंगेल अँडरसनच. बिचारा शेवटपर्यंत अविवाहित राहिला, म्हणून गोष्टी सुचत राहिल्या.

रेडिओ आल्यावर तरी हा प्रश्न मिटायला हवा होता. १९ मे १९२४ च्या रात्री बीबीसीनं सरे परगण्यातल्या ऑक्सटेड इथल्या एका बागेत मायक्रोफोन ठेवला. बीट्रिस हॅरिसन नावाच्या बाई चेलो वाजवीत बसल्या. बराच वेळ सशांनी वायरी कुरतडण्याखेरीज काही घडलं नाही म्हणतात. अखेर अकराच्या सुमारास झुडपातून उत्तर आलं आणि घरोघरी लोकांचे डोळे पाणावले. पुढे वर्षानुवर्षं हा कार्यक्रम झाला. आणि अलीकडे, २०२२ साली, काहीजणांनी असं पुढे आणलं की त्या पहिल्या रात्री कदाचित पक्षी नव्हताच, पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करणाऱ्या एक बाई होत्या. त्यावर तिकडे वाद आहे, आणि तो त्यांचा त्यांनी मिटवावा. पण दैवगती बघा. दोन हजार वर्षं नर गात होता तेव्हा लोक म्हणाले, बाई गातेय. आणि शेवटी यंत्र लावून नराचं गाणं ऐकवलं तर म्हणतात, बाईच गात होती!

शब्दकोश वाचण्यात एक धोका असतो. मोठ्या अर्थाच्या खाली बारीक टायपात बाकीचे अर्थ असतात आणि मन तिथंच अडकतं. इंग्लंडातल्या दलदलीच्या मुलखात नाइटिंगेल म्हणजे चक्क बेडूक. तिकडे लिव्हरपूलच्या वर बर्कडेल म्हणून गाव आहे, तिथल्या वाळूतल्या भेकाला ‘बर्कडेल नाइटिंगेल’ म्हणतात. रात्री गातो, मग काय हरकत आहे? इथपर्यंत मी हसत होतो. मग फ्रान्सिस ग्रोज या गृहस्थानं अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेला हलक्या बोलीचा कोश हाती आला. त्यात नाइटिंगेल या शब्दाखाली लिहिलं आहे ते असं, की फटक्यांची शिक्षा भोगताना जो शिपाई ओरडतो तो नाइटिंगेल. काही पलटणींत पाठीची सालटी निघेपर्यंत तोंडातून ब्र न काढणं ही इभ्रतीची गोष्ट होती. नाइटिंगेल ठरू नये म्हणून शिपाई दातांत बंदुकीची गोळी धरून चावत. कोशकारानं हे विनोदाच्या अंगानं लिहिलंय. मी तो कोश मिटून ठेवला. एकीची जीभ छाटली म्हणून ती नाइटिंगेल, आणि दुसऱ्यानं जीभ आवरली नाही म्हणून तो नाइटिंगेल.

फ्लोरेन्स नाइटिंगेलचा मात्र या कशाशी संबंध नाही. आमच्या हिची अशी समजूत होती की ही बाई हॉस्पिटलात रात्रपाळी करायची, दिवा घेऊन फिरायची, म्हणून लोक तिला नाइटिंगेल म्हणू लागले. समजूत इतकी सुंदर आहे की मोडताना जिवावर आलं. पण ते नुसतं आडनाव. आणि तेही उसनं! तिच्या वडिलांचं मूळ आडनाव शोअर. आईकडच्या एका नाइटिंगेल आजोबांची इस्टेट मिळाली, त्या अटीप्रमाणे १८१५ साली त्यांनी आडनाव बदललं. आपल्याकडे दत्तकविधानात चालतं तसंच. १८२० साली इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये जन्मली म्हणून ती फ्लोरेन्स. थोरली बहीण नेपल्समध्ये जन्मली, तिला त्या गावाचं ग्रीक नाव ठेवलं, पार्थेनोपी. ही पार्थेनोपी कोण, तर गाऊन खलाशांना भुलवणारी एक सागरी मोहिनी. म्हणजे गाण्याचं नाव खरं मिळालं थोरलीला, आणि ते कुणाच्या लक्षातही नाही. धाकटीनं हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवलं नाही, पण इथल्या गटारांची आणि पिण्याच्या पाण्याची काळजी तिनं जन्मभर वाहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेलासुद्धा तिची पत्रं येत. आमच्या कॉलनीतल्या दोनच्या पाण्याबद्दल तिला कुणी कळवलं असतं तर काही उपाय झाला असता.

आता हा शब्द मराठीत उतरायचा कसा, हा माझा मूळ प्रश्न. पंचाईत अशी की हा पक्षीच आपल्याकडे नाही. क्वचित एखादा वाट चुकून येतो, तो निराळा. इराणात मात्र आहे, आणि तिथं त्याचं नाव बुलबुल. फारसी कवींचा, गुलाबावर आशक झालेला, तोच हा. फारसी आपल्याकडे आली, शेरशायरी आली, दरबार आले. पक्षी तेवढा यायचा राहिला. नाव मोकळं, तेव्हा ते इथल्याच एका तुरेवाल्या, फळं खाणाऱ्या, दिवसाढवळ्या कलकलाट करणाऱ्या पक्ष्याला देऊन टाकलं. इंग्रज आले, त्यांनी ते नाव याच पक्ष्यासाठी उचललं, आणि आता जगभरच्या पुस्तकांत बुलबुल म्हणजे आपला तारेवरचा लालबुड्या. माझे मास्तर खोटं बोलत नव्हते. ते फक्त इराणात उभे होते आणि आम्ही पोरं खिडकीत.

बुलबुलाची पुढची पिढी म्हणजे स्काउट-गाइडमधल्या चिमुरड्या. मुलगे ते कब आणि मुली त्या बुलबुल. पुन्हा गाणारं नाव मुलींना! सरोजिनी नायडूंना गांधीजी पत्रात ‘प्रिय बुलबुल’ असं लिहीत. इंग्रजीत त्या ‘नाइटिंगेल ऑफ इंडिया’ आणि आपल्याकडे ‘भारत कोकिळा’. एकाच बाईंसाठी तीन देशांचे तीन पक्षी. बाई कविता करीत. पक्ष्यांपैकी एकही लिहिता येणारा नाही. पुढे इंग्रजी वर्तमानपत्रांनी तीच पदवी लता मंगेशकरांना दिली आणि आपण त्यांना ‘गानकोकिळा’ म्हणालो. हिराबाई बडोदेकरांनाही गानकोकिळा म्हणतच असत. विलायतेत रात्रीचा जो मान तो इथं वसंतातल्या सकाळचा, एवढाच भाषांतरात फरक, असं मला आधी वाटलं.

पण कोकिळा! कुहू कुहू करतो तो काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा नर. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती नुसती किक्-किक् करते आणि गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून येते. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, नराचं गाणं काढून मादीच्या पदरात टाकलं. शिवाय कोकीळ जातीनं पडला कुक्कूच्या कुळातला. इंग्रजीत कुक्कू म्हणजे डोक्यानं अधू. म्हणजे मानपत्रातली पदवी कुणी डिक्शनरी घेऊन पुन्हा इंग्रजीत नेली असती, तर अमेरिकेतल्या नातवंडांनी आजीकडे कसं पाहिलं असतं?

या बाबतीत कालिदासाला मी मानतो. ‘कुमारसंभवा’त वसंत येतो तेव्हा आंब्याचा मोहोर खाऊन कूजन करणारा जो आहे त्याला तो स्पष्ट ‘पुंस्कोकिल’ म्हणतो, म्हणजे नर कोकीळ. तिथं संशयाला जागाच नाही. आणि मादी कोकिळेची आठवण त्याला कुठं होते? ‘शाकुंतला’त, भर दरबारात. दुष्यंत ओळख विसरून समोर उभ्या असलेल्या शकुंतलेला सुनावतो की बायका मुळातच लबाड. कोकिळासुद्धा आपली पिलं दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात. गाणं त्याचं आणि लबाडी तिची. निरीक्षण दोन्हीकडे अचूक आहे, पण कुणाच्या तोंडी काय घालायचं ते राजानं ठरवलं.

इतकं सगळं कळल्यावर माझ्याच्यानं राहवेना. कोकिळा म्हणावं तर ती गात नाही, नाइटिंगेल म्हणावं तर तो बाप्या, बुलबुल म्हणावं तर खिडकीबाहेरचा. मंडळाला सांगून उपयोग नव्हता. सत्काराच्या दोन दिवस आधी मी सरळ काकूंकडेच गेलो. म्हटलं, पदवी ज्यांना मिळणार त्यांनाच विचारावं.

काकू ओट्याशी शेंगा सोलत होत्या. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. नर गातो हे ऐकून त्या इतक्या हसल्या की शेंगांची परात कलंडली. “म्हणजे आमच्याकडे ह्यांनी गायला हवं होतं म्हणायचं! सर, ते रात्री दोनला जे लावायचे ना, त्याला घोरणं म्हणतात.” मग मी फिलोमेलाची गोष्ट सांगितली. जीभ, माग, कापड. बळजबरीचं मी आडून सांगितलं, पण त्यांना ते बरोबर कळलं. त्यांचे हात थांबले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“आपल्याकडे जीभ नाही कापत, सर,” त्या म्हणाल्या. “‘बरं दिसत नाही’ म्हणतात.”

मग पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

जरा वेळानं त्यांनीच विचारलं, “त्या ग्रीक लोकांत काय म्हणतात म्हणालात?”

“एडॉन. नुसतं गाणारी.”

“मग तेच लिहा की. गाणारी. पक्षी कशाला मधे?”

मी तसाच अध्यक्षीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “सर, मानपत्रं छापून आलीसुद्धा.” आणि एक प्रत हातात ठेवली. सोनेरी वेलबुट्टीत ‘गानकोकिळा’. खाली इंग्रजीत ‘नाइटिगेल ऑफ अवर कॉलनी’. स्पेलिंग मी लिहून दिलं होतं ते बरोबर होतं. प्रेसवाल्यानं मधला ‘एन’ खाल्ला होता. बाई संतापल्या, प्रेसवाल्याला फोन लावू लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. चुकलेलं नाही. हजार वर्षांपूर्वी त्या शब्दात ‘एन’ नव्हताच. ते अक्षर मागाहून आलेलं आहे. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की इंग्रजीचा माझा हुद्दा त्या क्षणी गेला असावा. पण दुसरी प्रत छापायला वेळ नव्हता.

सत्कार व्यवस्थित झाला. मी पाच मिनिटांऐवजी तीनच मिनिटं बोललो आणि त्यात बेडूक घेतला नाही. नातवंडांनी स्पेलिंगची चूक ताबडतोब पकडली, त्यांना वेगळं समजावावं लागलं. काकूंना गायचा आग्रह झाला तेव्हा त्या संकोचल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच लेकीला म्हणाल्या, “नळ सोड गं जरा.” लेकीला अर्थच लागेना. आमच्या हिला लागला. ती उठून हॉलमागच्या मोरीत गेली आणि नळ पूर्ण सोडला.

मानपत्र काचेच्या फ्रेममध्ये आहे. जावयांनी ते दिवाणखान्यात लावलं होतं. ते परत गेल्यावर काकूंनी ते काढून स्वयंपाकघरात, पिंपाच्या वर, खिळा ठोकून टांगलंय. पाण्याचे थेंब उडून आता ‘गानकोकिळा’मधला ‘कोकिळा’ फुगलाय.